मोहिनीच्या गॅसची झाडं

माघ-फाल्गुनात कुरुंद्यात उतरून कोणालाही विचारा, "जनकाबाई कुठं भेटतील?" तो घराकडं बोट दाखवणार नाही, आभाळाकडं दाखवेल. जिथून धुराचा खांब उठला असेल, त्याच्या बुडाशी जनकाबाई.

हळद नुसती खणून काढली म्हणजे झालं नाही. ती शिजवावी लागते, वाळवावी लागते, मग वसमतच्या बाजारात तिला कोणी विचारतं. शिजवायला कढई लागते. दोन गडी आत पाय पसरून झोपतील एवढी लोखंडी कढई. ती ज्याच्याकडं असते, त्याला हंगामात सगळं गाव अहो-जाहो करतं. ही कढई मुळात जनकाबाईच्या नवऱ्याची, प्रभूची. प्रभू गेला तेव्हा भावकीनं मोठ्या मायेनं सुचवलं, "बाईमाणसाला झेपायची न्हाई. आमाला दे."

"न्या की," जनकाबाई म्हणाली. "उचला आन् न्या."

पाच जणांनी जोर लावला. कढई बैलगाडीवर चढेना. जनकाबाईनं त्यांना चहा पाजला, वाटेला लावलं. मग गाडीचं एक चाक काढून गाडी कलती केली, कढई काठावर उभी केली आणि घरंगळत एकटीनं वर चढवली. तेव्हापासून ती कढईवाली जनकाबाई.

कढईखाली जाळायला तुराट्या, पऱ्हाट्या, हळदीचाच वाळका पाला, बाभळीचे ओंडके, जे मिळेल ते. इतके हंगाम त्या धुरात उभं राहून तिचे डोळे कायमचे लाल आणि ओले झाले होते. नव्या माणसाला वाटे, बाई आत्ताच रडून उठली आहे. तो हळवा होई. हा गैरसमज जनकाबाईनं कधी दूर केला नाही. कढईचं भाडं ठरवताना तो उपयोगी पडे.

दिवसभर शेतात धूर, घरी आलं की चुलीचा धूर. या बाईची देवाकडं एकच मागणी होती: आपली मोहिनी गॅसच्या घरी पडावी. बाकीच्या आया जमीन विचारतात, नोकरी विचारतात. जनकाबाई विचारी, "गॅस हाये का?" कालव्याखाली बागायत असलेला एक चांगला मुलगा केवळ यापायी हातचा गेला. दुसऱ्याकडं गॅस होता, पण शेगडी माळ्यावर, कागदात गुंडाळलेली. "पाव्हणे आले की काढतो," मुलाचा बाप अभिमानानं म्हणाला. जनकाबाईनं तिथला चहा अर्धा ठेवला आणि उठली.

"आक्का, तू जावई बघून राहिली का शेगडी?" तिचा धाकटा भाऊ उद्धव कावला.

"जावई मोहिनीनं बघावा. शेगडी मी बघते."

मग दोन हजार दोनच्या हंगामात शिरड शहापूरहून स्थळ आलं. मुलगा विश्वजीत, एम.एस्सी. झालेला, पुण्यात कुठल्याशा संस्थेत कामाला. बाप नव्हता, सगळा कारभार मामाच्या, नामाजींच्या हातात. संस्थेत मुलगा नक्की काय करतो हे नामाजींना सांगता येईना. "हवेचं बघतो," ते म्हणाले.

"पुण्यात गॅस आसतो?" जनकाबाईनं उद्धवला विचारलं.

"पुण्यात? नळाला पाण्याच्या जागी गॅसच येत आसंल."

एवढ्यावर मुलगी दाखवायचं ठरलं.

ठरल्या दिवशी दारात एक जीप येऊन थांबली. त्यातून नामाजी उतरले, मामी उतरल्या, दोन आत्या, एक चुलते, मग कोण कोणाचं हे सांगता येऊ नये अशी आणखी बरीच माणसं उतरली. नवरदेव उतरला नाही.

"येऊन राहिला," नामाजी धोतराचा सोगा झटकत म्हणाले. "वसमतहून सायकलवर."

"सायकलवर? काहून? जीपमधी जागा नव्हती?" उद्धव.

"जागा हाये. त्येला जीप चालत न्हाई."

"उलट्या व्हतात का?"

"न्हाई वो. तत्त्वात बसत न्हाई."

"चौदा जण जीपमधी बसले, आन् ह्यो एकटा तत्त्वात बसना?"

तेवढ्यात वळणावर सायकल दिसली. उन्हानं लाल झालेला, घामानं निथळणारा, उंच, बारीक मुलगा पायडल मारत येत होता. त्याच्या मागं, त्याच्याच चालीनं, पहिल्या गिअरमध्ये घुरघुरत दुसरी जीप येत होती. तिच्यात त्याचा इस्त्रीचा शर्ट होता आणि पाण्याचा जार.

जनकाबाई कढईवरून तशीच उठून आली होती. तिनं हात धुतले, पण हळद काही निघाली नाही. मोहिनी पोहे घेऊन आली, तर तिचेही हात कोपरापर्यंत पिवळे.

"आरे वा!" नामाजी हसले. "पोरगी हळद लावूनच आली की!"

"लावली न्हाई मामा, शिजवली," मोहिनी म्हणाली. "लावायची बाकी हाये."

विश्वजीत पोहे खाता खाता थांबला. त्यानं मान वर केली आणि हसला. त्या क्षणी मोहिनीचं ठरलं, हे तिनं पुढं कधीतरी आईला सांगितलं. पण तेव्हा आईचं लक्ष दुसरीकडं होतं, कारण विश्वजीतनं बशी खाली ठेवून घसा खाकरला होता.

"मला हुंडा नको."

आत्याबाईंचा पोह्यांचा चमचा हवेत. उद्धवनं बहिणीकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी. मामी गहिवरून म्हणाल्या, "बघा, माऊली रडली."

"फक्त एक अट आहे," विश्वजीत म्हणाला.

उद्धवनं सुस्कारा सोडला. आता फटफटी निघणार.

"आपण प्रत्येक जण हवेत धूर सोडतो. गाडीचा, विजेचा, स्वयंपाकाचा. तो जात नाही कुठं. वर साठतो, आणि सगळी पृथ्वी तापते. तर आपल्या लग्नानं जेवढा धूर होईल, तेवढा शोषून घेणारी झाडं लावायची. शंभर झाडं. बस, दुसरं काही नको."

जनकाबाईला हा मुलगा थोडा अंगावर आल्यासारखा वाटला. "आन् मग माझ्या कढईच्या धुराचं काय? मी तर आख्ख्या गावाचा धूर करते."

"तो तुमचा नाही धरत आम्ही. ज्यानं ती हळद खाल्ली, त्याचा."

"म्हंजे धूर करायचा मी, आन् पाप मुंबईच्या भाजीला?"

"थोडक्यात तसंच."

जनकाबाई एकदम खूश झाली. इतका न्यायी हिशेब तिला आजवर कोणी सांगितला नव्हता.

तिथंच थांबले असते तर ही गोष्ट शंभर झाडांची झाली असती. पण आमच्याकडं मुलगी पसंत पडली की बैठक होते. दोन्हीकडची माणसं समोरासमोर सतरंजीवर बसतात, मध्ये पानाचं तबक, आणि कोण काय देणार ते ठरतं. बैठकीत काही न मागता उठणं नामाजींच्या घराण्यात कोणाला जमलं नव्हतं.

"हुंडा आमी घेत न्हाई," ते पान लावत म्हणाले. "पोरगं आदर्श हाये. पर आता झाडांचा विषय निघालाच हाये, तर जरा बोलून घेऊ. शंभर म्हंजे कमी व्हतात."

"तुमच्या पोरानंच सांगितले ना शंभर?" उद्धव.

"पोरगं लाजतं. एम.एस्सी. हाये वो. आमच्या गावात बारावी नापासाला मोटारसायकल भेटून राहिली. एम.एस्सी.ला दोनशे एक्कावन्न तरी धरा."

"मामा!" विश्वजीत उठून उभा राहिला. "हा हुंडा नाहीये!"

"आरे बाबा, न्हाईच हाये! हुंडा आसता तर भांडलो आसतो. हे तर प्रेमानं मागून राहिलो. तू बैस. हां, उद्धवराव, आन् झाड कोणतं देणार?"

"कोणतं म्हंजे? झाडासारखं झाड."

"सुबाभूळ चालणार न्हाई. सागवान पाहिजे."

"सागवान म्हंजे सोनं मागून राहिले तुमी!"

"बरं, आर्धं सागवान, आर्धा आंबा."

"पाच आंबे. बाकी लिंब."

"आंबा कलमी का गावरान?"

इथं विश्वजीत बाहेर गेला आणि सायकलच्या चाकात हवा भरत बसला. चाकात हवा व्यवस्थित होती.

बोली अखेर एकशे एक्कावन्नवर तुटली. अर्धी झाडं सुपारीच्या आधी, अर्धी हळदीच्या आधी. मामाला मानाची दोन वेगळी, करवलीला एक गुलाब. बैठकीत ठरलेलं मोजून घ्यायचं असतं, म्हणून नामाजी सुपारीआधी स्वतः येऊन मोजतील असंही ठरलं. धूर, पृथ्वी, हवा यांचं नाव कोणी काढलं नाही. त्या बैठकीत ही तिघं कोणाच्याच बाजूची नव्हती.

जनकाबाईच्या दीड एकराला लागून कालव्याच्या काठाची एक पट्टी होती. तिथं तिनं आणि मोहिनीनं रोपं लावली. दिवसा कढई, संध्याकाळी खड्डे. रोपं उन्हात माना टाकू लागली की मोहिनी घागरीनं पाणी घाली. लिंबाची, करंजाची, चिंचेची पानं हळूहळू ताठ झाली. आणि मग शेजारच्या कौशल्याबाईच्या शेळ्यांनी एका सकाळी सगळी झाडं शेंड्यापासून खाल्ली.

"कौशल्ये, तुझ्या शेळ्यांनी माझ्या पोरीचा हुंडा खाल्ला!"

"आगं, तूच तर गावभर सांगून राहिली, हुंडा न्हाई म्हणून!"

भांडण दोन दिवस पुरलं, पण त्यानं पानं फुटेनात. आणि तिसऱ्या दिवशी नामाजी मोजायला येणार होते. सुपारी मोडली तर गॅस गेला. जनकाबाईनं कोयता घेतला. ओढ्याकाठच्या शेवग्याच्या फांद्या तोडल्या, मिळाला तो पांगारा तोडला. हातभर लांबीचे दांडके केले आणि प्रत्येक खड्ड्यात एकेक ठोकला. शेंड्याला दोन-दोन पानं ठेवली. लांबून बघितलं तर झाडं. जवळून बघितलं तर दांडके, पण नामाजींचा चष्मा जवळचा नव्हता.

नामाजी आले. बरोबर विश्वजीतही होता, या वेळी एस.टी.नं. नामाजी पट्टीच्या या टोकाकडून त्या टोकाकडं बोट नाचवत गेले. "हां... हां... बराबर." विश्वजीत वाकला, एका दांडक्याला हात लावला. दांडका हलला. त्यानं मोहिनीकडं पाहिलं.

"हे शेवग्याचं रोप आहे?" त्यानं हळूच विचारलं.

"रोप न्हाई. पर शेवगा हाये," मोहिनी म्हणाली. "शेळ्यांनी रोपं खाल्ली. माय तुमाला भ्याली."

"मला?"

"तुमाला न्हाई. तुमच्या मामाला."

विश्वजीतनं हळूच माती दाबून दांडका ताठ केला आणि मामांना ओरडून सांगितलं, "बरोबर आहेत मामा! मोजली मी!"

सगळे घरी आले. जनकाबाईनं सुटकेचा निःश्वास सोडला आणि चूल पेटवली. लाकडं ओली, घरभर धूर. नामाजी दारात सरकले. विश्वजीत मात्र चुलीजवळ मांडी घालून बसला आणि कपातून फुर्रकन घोट घेऊन म्हणाला, "या चुलीवरच्या चहाची चव काही वेगळीच. आम्हीसुद्धा लग्नानंतर चूलच ठेवणार आहोत. पुण्याबाहेर मातीचं घर बांधतोय. गॅस घ्यायचाच नाही असं ठरवलंय मी."

जनकाबाईच्या हातातली फुंकणी खाली पडली.

"काय म्हणले?"

"गॅस नाही. सुधारित चूल. तिला धूर नसतो."

"सुधारित चूल आमच्या गावातबी आलती," मोहिनी दाराशी उभी होती. "कुठल्या तरी योजनेत वाटली. तिच्या धुराड्यात आता आमची कोंबडी अंडी घालती."

जनकाबाई उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला. मग अगदी शांतपणे, जसं कढईत काडी टोचून हळद शिजल्याचं सांगावं तसं, म्हणाली, "नामाजीभाऊ, सोयरीक मोडली."

"आँ?" नामाजी दारातून आत आले. "मोडली? आहो, झाडं मोजली!"

"झाडं उपटून न्या. जलमभर मी धूर खाल्ला. पोरीनं खाऊ न्हाई म्हणून खाल्ला. आन् ह्ये एम.एस्सी. शिकून माझ्या पोरीला परत चुलीपुढं बसवून राहिले. चूलच फुकायची तर कुरुंद्यात काय कमी हाये?"

"आई, पण सगळ्या जगाचा विचार केला तर..."

"जग माझ्या घरी मुलगी मागायला आलं न्हाई. तुमी आले."

बरं, विश्वजीत खोटा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की आपण मोहिनीला फार सुंदर आयुष्य देतो आहोत. त्यानं तिच्याकडं पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं?"

त्या घरात मुलीला असं कोणी विचारलं नव्हतं. उद्धवनं मान खाली घातली, नामाजी खोकले.

"मला तुमी आवडले," मोहिनी म्हणाली. "चूल न्हाई आवडली."

खोकला थांबला. आणि जनकाबाईच्या डोक्यात काहीतरी पेटलं. कढईचं भाडं ठरवताना ती जशी पाय दुमडून बसे, तशी ती विश्वजीतसमोर बसली.

"लग्नाच्या धुराची झाडं लावली, की लग्नाचा धूर माफ. बराबर?"

"माफ असं नाही, पण... हो. बरोबर."

"मंग गॅसला किती लागतात?"

"म्हणजे?"

"माझी मोहिनी गॅसवर सैपाक करील. त्येच्या धुराची झाडं मी लावते. सांगा किती."

विश्वजीतनं बोटांवर काहीतरी मोजलं. "वर्षाला वीसेक."

"दर वर्षी?"

"सिलिंडर दर वर्षी संपतात ना."

"आन् झाड काय दर वर्षी मरतं व्हय? ते तर वाढून राहिलं. दहा."

"आई, हे शास्त्र आहे, यात घासाघीस..."

"पंधरा करा!" नामाजींना राहवलं नाही. कोणाच्या बाजूनं बोलतो आहोत हेही त्यांनी पाहिलं नाही.

"बारा," उद्धव म्हणाला. "आन् त्यातली दोन कलमी."

बोली बारावर तुटली. पृथ्वी किती तापणार, हे त्या दिवशी कुरुंद्यात चुलीपुढं असं ठरलं. विश्वजीत नंतर मित्रांना सांगे, की हिशेब चुकीचा होता, पण समोर दोन मामा आणि एक सासू असताना बरोबर हिशेब कोणीही करून दाखवावा.

लग्न झालं. जनरेटर नाही, लाउडस्पीकर नाही. वरात बैलगाड्यांतून, आणि बैलगाड्यांच्या मागं वऱ्हाडाचं सामान घेऊन ट्रक.

गंमत म्हणजे पावसाळा आला तेव्हा ठोकलेल्या दांडक्यांना पालवी फुटली. शेवग्याची फांदी ओलीत खोचली की जगते, पांगाऱ्याचंही तसंच. खरी रोपं शेळ्यांच्या पोटात गेली होती आणि खोटी झाडं कालव्याकाठी डोलत होती. जनकाबाई हे लोकांना खालच्या आवाजात सांगे, आणि लोक ते मोठ्या आवाजात सांगत.

पुण्याबाहेरचं मातीचं घर काही झालं नाही. जागेचं जमेना, मग नोकरीच्या जवळ दोन खोल्या घेतल्या. सायकल होती, ती मोहिनीच्या बाळंतपणात जिन्याखाली गेली. आणि गावच्या एस.टी.डी. बूथवर अधूनमधून जनकाबाईला फोन येऊ लागले.

"माय, आमी फ्रिज घेतला."

"मंग?"

"ते म्हणून राहिले, त्येची पण लावावी लागतील."

"किती?"

"आठ म्हणतात. मी पाच सांगितले."

"शाणं हाये माझं लेकरू."

कालव्याकाठची पट्टी भरत गेली. फ्रिजची पाच, स्कूटरची सात, कुलरची चार. गावानं त्या झाडांना तीच नावं ठेवली. "स्कूटरच्या सावलीत बैल बांधला हाये" असं कोणी म्हणालं तर कुरुंद्यात कोणाला नवल वाटत नसे. एके वर्षी फ्रिजला इतक्या शेंगा आल्या की सगळ्या आळीनं आमटी केली. कौशल्याबाईच्या शेळ्या मात्र कुलरवर टपलेल्या असत, आणि जनकाबाई काठी घेऊन धावताना ओरडे, "ए कौशल्ये, पोरगी पुण्यात उकडून मरंल!"

एक गोष्ट तिनं कोणाला सांगितली नव्हती. मोहिनीच्या घरी पहिल्यांदा गेली तेव्हा ती दुपारभर स्वयंपाकघरात बसून राहिली. मोहिनी गॅस पेटवी, निळी फुलं उमलत, पोळी फुगे. जनकाबाई लेकीच्या तोंडाकडं बघत होती. पांढरेशुभ्र डोळे. परत आल्यावर तिनं आणखी दोन झाडं लावली, कोणी न सांगता.

दोन हजार नऊच्या हिवाळ्यात मोहिनी आणि विश्वजीत, लेकराला शिरड शहापूरला ठेवून, कुरुंद्याला आले. विश्वजीतचं पोट थोडं सुटलं होतं. तो जरा चुळबुळत होता.

"आई, एक सांगायचं होतं. मला परदेशात बोलावलंय. मोठी परिषद आहे."

"कशाची?"

"धूर कमी कसा करायचा, त्याची."

"कशानं जाणार?"

विश्वजीतनं मोहिनीकडं पाहिलं. मोहिनीनं छताकडं पाहिलं.

"विमानानं," तो म्हणाला. "सायकलनं जाता येत नाही."

"विमानाला किती?"

"चाळीस तरी. जाऊन-येऊन आहे ना."

जनकाबाईनं पाय दुमडले. "आर्धी आता. आर्धी तुमी परत आल्यावर. विमानाचं काय खरं."

"माय!" मोहिनी.

"बैठकीत आसंच आसतंय."

बोलता बोलता तिनं चुलीत पऱ्हाटी सरकवली आणि चहाचं आधण ठेवलं. धूर विश्वजीतच्या नाकात गेला. सात वर्षांत त्याची सवय गेली होती; तो खोकत खोकत कोपऱ्यात सरकला, आणि तिथं त्याला देव्हाऱ्याशेजारी काहीतरी झाकलेलं दिसलं. लुगड्याच्या तुकड्याखाली गॅसची शेगडी, मागं सिलिंडर. हळदी-कुंकू वाहिलेलं. सील जसंच्या तसं.

"आई! हा दिवाळीला आम्ही दिलेला गॅस. तुम्ही पेटवलाच नाही?"

"न्हाई."

"का? भीती वाटते?"

"भीती कसली? कढईपुढं जलम गेला माझा." जनकाबाईनं डोळे पुसले, पण ते तर ती नेहमीच पुसे. "मोहिनीच्या गॅसची झाडं मी लावली. फ्रिजची लावली, स्कूटरची लावली. माझ्या गॅसची कोण लावंल?"

विश्वजीतनं आयुष्यभर लोकांना याच विषयावर भाषणं दिली होती, आणि या प्रश्नाला त्याच्याकडं एकच उत्तर होतं, ते पाठीत उसण भरवणारं.

"मी," तो शेवटी म्हणाला. त्याच्या तोंडून पुण्याची भाषा गळून पडली. "मी हाये की, लावतो. किती लावू?"

"बारा ठरले हायेत. ठरलेलं ठरलं."

जनकाबाईनं कुदळ काढून दिली. कालव्याला अजून पाणी सुटलं नव्हतं. काळी जमीन वाळून दगड झाली होती. पट्टीच्या टोकाला, कुलरच्या पलीकडं, विश्वजीतनं पहिला घाव घातला. कुदळ टणकन वर आली. त्यानं दुसरा घातला. शेजारून कौशल्याबाई कंबरेवर हात ठेवून बघायला आली. तिच्या शेळ्याही आल्या.

इकडं घरात मोहिनीनं सील काढलं, नळी लावली. "दाब आन् फिरव, माय."

जनकाबाईनं दाबलं, फिरवलं, मोहिनीनं काडी धरली. भस्सकन निळी फुलं उमलली. सवयीनं तिनं फुंकणी उचलली.

"माय! फुंकलं तर विझंल!"

जनकाबाईनं फुंकणी मांडीवर ठेवली. चुलीवरचं भांडं गॅसवर आलं. साखर टाकली, पत्ती टाकली, दूध ओतेपर्यंत चहा वर आला. तिनं डोळ्यांना पदर लावला, काढला, पदराकडं बघितलं. कोरडा.

ती दारात गेली. "जावईबापू! चहा झाला!"

कालव्याकडून धापा टाकत आवाज आला, "इतक्यात? आजून पयला खड्डाबी न्हाई झाला!"

"मंग चहा गार व्हईल की!"

"होऊ दे माय," आतून मोहिनी म्हणाली. "परत गरम करू. गॅस हाये ना."

जनकाबाई थबकली. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या, ओठ पुटपुटले, बोटं पेरांवरून फिरली. मग तिनं दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि कढईवरच्या गड्यांना हाळी द्यावी तशी हाळी दिली.

"जावईबापू! एक खड्डा वाढवा!"